जावयाची केबल

आमच्या सासुरवाडीत जावयाला 'नाही' म्हणायची पद्धत नाही.

ऐकायला हे गोड वाटतं, पण त्याचे परिणाम भोगल्याशिवाय कळत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लातूरहून नांदेडला परत निघताना मी सहज म्हणालो, "मामा, नांदेड उदगीरवरून जवळ पडत असेल." मामा म्हणजे माझे सासरे. लातूरच्या जुन्या पेठेत त्यांचं डाळीचं दुकान आहे, आणि आयुष्यभर त्यांनी नांदेडला माल धाडला तो अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यानं. तरी ते शांतपणे म्हणाले, "हाव, पडतं की." आणि ड्रायव्हरला गाडी उदगीरकडं घ्यायला सांगितली. आम्ही घरी पोचलो तेव्हा डब्यातल्या करंज्या संपल्या होत्या आणि माझी बायको सुवर्णा माझ्याशी बोलत नव्हती. (बायकोला ही पद्धत लागू नाही. माहेरच्या सगळ्यांच्या वाटचं 'नाही' ती एकटी म्हणून टाकते.)

मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. म्हणजे तारेतून वीज कशी वाहते हे मला फळ्यावर उत्तम येतं. एकदा मामांच्या मोबाइलचा आवाज बंद झाला होता, तो मी बाजूचं बटन दाबून सुरू केला. तेव्हापासून सासुरवाडीत माझी ख्याती 'मशिनीतले जावई' अशी झाली. ही ख्याती मी वेळीच खोडून काढायला हवी होती. मी ती चार ठिकाणी स्वतःच सांगितली.

तर माझी मेव्हणी महानंदा. हिनं घरीच कारळ्याची चटणी कुटून विकायला सुरुवात केली होती. आधी शेजारीपाजारी, मग क्लाससाठी लातूरला येऊन राहिलेल्या पोरांच्या डब्यात, असं करत करत तिच्या चटणीला पुण्याच्या एका मोठ्या दुकानाची ऑर्डर आली. अट एकच: प्रत्येक पाकिटावर छापील लेबल पाहिजे, त्यावर तारीख, बॅच आणि त्या काळ्या पट्ट्यांचा बारकोड. मामांनी तिला सांगून ठेवलं होतं, "येवढी एक ऑर्डर नीट गेली तर दुकानाची अर्धी बाजू तुझी. न्हाई गेली तर चटणी बंद, आन् क्लासच्या ऑफिसात जाऊन बसायचं." ऑफिसातली खुर्चीसुद्धा बघून ठेवलेली होती. महानंदाला जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे प्रवेशाचे फॉर्म तपासत बसायचं नव्हतं.

बंद पडलेल्या एका औषधाच्या एजन्सीकडून तिनं जुना लेबल प्रिंटर घेतला. प्रिंटर धडधाकट होता, पण जुन्या वळणाचा. त्याला हल्लीची यूएसबीची वायर चालत नसे, नऊ पिनांची सिरियल केबल लागायची. दुकानातला बिलांचा कॉम्प्युटरही त्याच पिढीतला, त्यामुळं त्याच्या पाठीला तसलीच जागा होती. अडलं होतं फक्त मधल्या केबलवर. पेठेतला दुरुस्तीवाला 'उद्या येऊन करून देतो' म्हणाला होता. हे सगळं महानंदा फोनवर सुवर्णाला सांगत होती. नुसतं सांगत होती, काही मागत नव्हती. मी सुवर्णाच्या हातातून फोन घेतला.

"सिरियल ना? मग मीच येतो. त्या दुरुस्तीवाल्याला येऊ नको म्हणून सांग."

महानंदा म्हणाली, "या की, दाजी." दुसरं ती म्हणणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लातूरला पोचलो. पुण्याचा टेंपो संध्याकाळी निघणार होता. मी पिशवीतून तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री, तारांचं वेटोळं आणि केबलच्या टोकांना लावायचे दोन तुकडे काढले, तोच मामी, म्हणजे सासूबाई, ताट घेऊन आल्या. जावयानं उपाशीपोटी मशिनीला हात लावायचा म्हणजे घराण्याला कमीपणा. धपाटे, दही, ठेचा, वर पुन्हा धपाटे. मी ढेकर दिला तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांची दुसरी पाळी सुरू झाली होती.

आता जागेची रचना सांगतो, कारण सगळी गंमत तिथंच आहे. कॉम्प्युटर पुढं दुकानात, गल्ल्यापाशी. प्रिंटर अंगणापलीकडं, चटणीच्या खोलीत. कॉम्प्युटर मागं न्यायचा तर मामांचा गल्ला हलतो, आणि प्रिंटर पुढं आणायचा तर लेबलांवर डाळीची धूळ बसते. म्हणून मी अंगणावरून लांबलचक केबल ओढली. (दुपारपर्यंत तिच्यावर मामांचा टॉवेल वाळत होता. केबलचा पहिला उपयोग झाला तो असा.) मी बटन दाबायला पुढं, आणि लेबल आलं की नाही ते सांगायला मामा मागं, अशी वाटणी झाली.

काम सुरू करण्याआधी मी सगळ्यांना थोडी थिअरी सांगितली. सवयच ती.

"सिरियल म्हणजे एकामागं एक. अक्षरं तारेतून रांगेनं जातात."

"हाव," मामा म्हणाले, "रांग पाहिजेच."

"एक तार बोलायची, एक ऐकायची."

"म्हंजे नवरा-बायकोवानी," मामी म्हणाल्या.

"बोलायची कोणती ते आधी ठरवा," सुवर्णा म्हणाली. मामींनी तिला डोळ्यांनी दटावलं.

डाग देऊन केबल तयार केली आणि प्रिंटरला लावायला गेलो, तर केबलच्या टोकालाही पिना आणि प्रिंटरलाही पिना! पिनांना समोर भोकं लागतात. या धंद्यात पिनांच्या बाजूला नर म्हणतात आणि भोकांच्या बाजूला मादी. सासऱ्यांसमोर हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "मामा, हे दोन्ही नवरदेवच निघाले." मामांनी क्षणभर विचार केला. "मग मधी मध्यस्थ घाला की," म्हणाले. गंमत म्हणजे उपाय खरंच तोच होता. दोन्ही बाजूंनी भोकं असलेला, करंगळीच्या पेराएवढा एक जोडतुकडा मिळतो, तो मध्ये घातला की दोघं जुळतात. महानंदानं स्कूटीवरून मला बाजारात नेलं आणि तो तुकडा घेऊन आम्ही परत आलो. आल्यावर मामींनी पुन्हा चहा दिला.

जोडतुकडा लावला, पुढं आलो, बटन दाबलं आणि अंगणातून ओरडलो, "मामा, आलं का?"

"आलं की!"

माझी छाती फुगली. मागं जाऊन बघतो तर प्रिंटर कोरडाठाक.

"काय आलं, मामा?"

"हिरवा दिवा आला."

"दिवा सकाळपासून आहे."

"आत्ता जास्ती झाला," मामा म्हणाले.

माझ्या लक्षात आलं की बोलणारी तार मी समोरच्या बोलणाऱ्या तारेला जोडली होती आणि ऐकणारी ऐकणारीला. दोघंही एकदम बोलत होते आणि ऐकायला कुणीच नव्हतं. (फळ्यावर ही चूक मी कधीच करत नाही.) तारांची अदलाबदल केली, पुन्हा डाग दिले, बोट भाजून घेतलं. पुन्हा पुढं.

"मामा, आलं का?"

"आलं! लई नामी आलंय!"

या वेळी खरंच आलं होतं. प्रिंटरच्या तोंडातून लेबलांची पट्टी बाहेर येत होती आणि तिच्यावर त्रिकोण, आकडे, उलटे स्वल्पविराम आणि जगातल्या कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं होती. म्हणजे दोघांचा वेग जुळत नव्हता. कॉम्प्युटर भरभर बोलत होता आणि प्रिंटर निवांत ऐकत होता.

"बाई, किती सुबक नक्षी!" मामी म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात मला दिसलं की मामा ती लेबलं फाडून फाडून पाकिटांवर चिकटवतायत. चांगली ओळ लागली होती पाकिटांची. महानंदा त्यांच्या मागून ओल्या अंगठ्यानं एकेक लेबल सोलून काढत होती, मुकाट्यानं.

"मामा, हे वाचता येत नाही."

"पुण्याची लोकं हुशार असतेत. वाचतेत."

"मामा, मला खरं काय ते सांगत जा. नाही आलं तर नाही आलं म्हणा."

"हाव, जावईबापू. तुम्ही म्हणता तसंच," मामा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी त्यांच्याकडं भलतंच काहीतरी मागितलंय. इतकी वर्षं ते या एका गोष्टीवर टिकून आहेत की दारात आलेल्या जावयाचं मन मोडायचं नाही. तो माणूस माझ्या केबलसाठी बदलणार नव्हता.

मग मी वेग बदलला. शहाण्या माणसानं एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असं मी मुलांना दरवर्षी प्रॅक्टिकलला बजावतो. मी घाईत चार गोष्टी एकदम बदलल्या. बटन दाबलं मात्र, मागून मामींचा आवाज आला, "अगं बाई, थांबंना की हे!"

धावत गेलो. प्रिंटर कोरी लेबलं ओकत होता. एकावर अक्षर नाही, पण वेग विचारू नका. मामी ती पदरात झेलत होत्या, मामा 'आलं, आलं' म्हणत मागं सरत होते आणि मी बंद करायचं बटन शोधत होतो. शेवटी सुवर्णानं भिंतीतली वायर उपटली. तोवर रोल संपला होता. लेबलांचा तो एकच रोल होता.

महानंदा दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, चटणीचा तिखटपणा.

"मी रोल घेऊन येते, दाजी," ती म्हणाली. "तवर तुम्ही जरा पडा. लई दमलाव."

मी जोडतुकडा काढून उजेडात धरला, त्याच्या भोकांत काही अडकलंय का ते बघितलं. तेवढ्यात मामी सुशीला घेऊन आल्या. मुरमुऱ्यांचा तो तिखट, गरमागरम प्रकार समोर आला की माझं इतर गोष्टींवरचं लक्ष उडतं. हात मोकळा करायला मी तुकडा कुठंतरी ठेवला. खाल्लं. मग मधल्या खोलीत चटई टाकलेलीच होती, पंखा लावलेलाच होता. आता पाठ टेकवू आणि उठून वेगाचं बघू, असं म्हणून मी आडवा झालो.

उठलो तेव्हा अंगणातलं ऊन भिंतीवर चढून बसलं होतं आणि रस्त्यावर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. महानंदाची ऑर्डर माझ्या घोरण्यात बुडाली की काय? तोंडावर पाणी न मारता मी थेट गल्ल्यापाशी गेलो, वेगाचे आकडे एकेक करून नीट घातले, हात जोडले आणि बटन दाबलं.

"मामा, आलं का?"

आत कुजबुज झाली, कागदांची सळसळ झाली, कुणीतरी कुणाला 'म्हण की' म्हणालं. मग मामांचा आवाज आला, "आलं, जावईबापू."

"वाचता येतंय?"

"बिनचष्म्याचं येतंय."

मी मागं गेलो आणि बघतच राहिलो. प्रिंटरशेजारी लेबलांची चळत होती. ठळक अक्षरं, तारीख, बॅच, काळ्याभोर पट्ट्यांचा बारकोड. कडेला सुंदर लाल किनार. आणि सगळ्यांत वर बारीक अक्षरात '॥ श्री ॥'.

आता माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं की फक्त काळं छापणाऱ्या प्रिंटरमधून लाल किनार कशी आली. हा प्रश्न माझ्याही मनाच्या दारापर्यंत आला होता. मी दार उघडलं नाही. 'श्री' आपण टाइप केल्याचं आठवत नव्हतं, पण ते एजन्सीवाल्याच्या वेळचं प्रिंटरमध्ये राहिलं असेल, असा मी अर्थ लावला. औषधवाल्याला देव आठवायचाच.

"कापून पण आलीत?" मी एवढं मात्र विचारलं.

"मी कापली, दाजी," महानंदा घाईनं म्हणाली. "तुम्ही बटन दाबायलाव तसतशी."

मग घरातल्या सगळ्यांनी मिळून लेबलं चिकटवली. टेंपो भरला, निघाला, पेठेच्या कोपऱ्यावर वळला. महानंदा ओट्यावर बसून रडली आणि हसली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्यापास्नं ती बाजू रिकामी करतो." मला मनापासून आनंद झाला. तो आनंद तिच्यासाठी होता तितकाच माझ्यासाठीही होता, हेही सांगून टाकतो. मामांनी मला पाटावर बसवून टॉवेल-टोपी केली. मी शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून वेग जुळण्याचं महत्त्व समजावलं. ते 'हाव, हाव' म्हणाले. (त्यांच्याही लेकी उजवलेल्या आहेत. जावयाशी कसं बोलायचं ते त्यांना कळतं.)

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून कॉलेजात ही गोष्ट कशी सांगायची याची जुळवाजुळव करत होतो. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली. घाम पुसायला मी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर काहीतरी टक्कन खाली पडलं. सुवर्णानं वाकून उचललं.

करंगळीच्या पेराएवढा तुकडा, दोन्ही बाजूंनी भोकं असलेला.

सुवर्णानं तो माझ्या तळहातावर ठेवला. "हा नसला की केबल प्रिंटरला लागत नाही ना?"

"नाही लागत."

"सुशीला खायच्या आधी खिशात टाकला होतात. मी बघितलं."

गाडीत शेंगा विकणारा चढला, सगळ्या गाडीत हिंडला आणि उतरला, तोवर मी त्या तुकड्याकडं बघत होतो. मग विचारलं, "लेबलं कुठली?"

"कोपऱ्यावरच्या लग्नपत्रिकेवाल्याची. महानंदाच्या मोबाइलात बारकोड होता. त्याच्या हातानं सवयीनं लाल किनार आणि 'श्री' पडलं. नशीब, खाली 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' नाही टाकलं."

"मला उठवायचं होतं!"

"महानंदा रोल घेऊन आली तेव्हा मी निघालेच होते उठवायला. पप्पा म्हणाले, ऑर्डर गेली तर जाऊ द्या, पण जावई उठून ओशाळले नाही पाहिजेत. महानंदा म्हणाली, दोन्ही वाचवते. आणि स्कूटीला किक मारली."

आधी मला राग आला. सगळ्यांनी मिळून मला बनवलं म्हणून आला. अहमदपूरच्याही आधी, लातूर सोडतानाच हिनं का नाही सांगितलं म्हणूनही आला. मग तो ओसरला आणि फार लाज वाटली. ज्या पोरीचं सगळं पणाला लागलं होतं, ती भर दुपारी उन्हात पत्रिकेवाल्याच्या दारात उभी राहून आपली ऑर्डर तर वाचवत होतीच, वर पंख्याखाली घोरणाऱ्या दाजींची अब्रूसुद्धा वाचवत होती. मी ठरवलं, घरी गेल्यावर फोन करायचा आणि सरळ सांगायचं की मला सगळं कळलंय, मला माफ करा.

फोन केला. मामांनी उचलला. मी म्हणालो, "मामा, ती लेबलं केबलमधून आली नव्हती ना?"

"आली की," मामा म्हणाले. "तुमच्याच केबलमधून आली."

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

काही दिवसांनी महानंदाचा फोन आला. आवाजातच आनंद होता. "दाजी, पुण्याची दुसरी ऑर्डर आली! पहिलीपेक्षा मोठी."

मी लगेच म्हणालो, "मी येतो."

"न्हाई न्हाई, दाजी!" ती इतक्या झटकन म्हणाली की त्या घरात जावयाला मिळालेलं ते पहिलं 'नाही' असावं. मग तिनं सावरून घेतलं. "म्हंजे, येवढ्या लांब कशाला तकलीफ? तुम्ही नांदेडातूनच बटन दाबा. पप्पा म्हणतेत, आजकाल सगळं नेटवर होतंय."

मी खरं बोलू शकलो असतो. पण ऑर्डर मोठी होती, पत्रिकेवाल्याला काम मिळणार होतं, मामांना समाधान मिळणार होतं, आणि माझा मान लातुरात शाबूत राहणार होता. एवढ्या लोकांचं भलं होत असताना आपलाच प्रामाणिकपणा कुरवाळत बसणं मला बरं वाटलं नाही. ठरल्या वेळी मी टेबलापाशी बसलो. सुवर्णा दारात उभी राहून बघत होती. मी बोटं मोडली, कीबोर्डवरचं बटन नीट, ठासून दाबलं आणि फोन लावला.

"मामा, आलं का?"

"आलं, जावईबापू. पहिल्यापेक्षाही चांगलं आलं. ह्या बारीला किनार हिरवी आलीय."

मी समाधानानं पाठ टेकली. सुवर्णानं भिंतीकडं बोट दाखवलं. कॉम्प्युटरचा प्लग खाली लोंबत होता. मी तो सकाळी इस्त्रीसाठी काढला होता, आणि परत लावायचा राहून गेला होता.

"गप बस," मी तिला म्हणालो आणि पुन्हा बटन दाबलं. "दुसरी बॅच चालू आहे."